आर्मी डे, पुणे २०२५
आज खडकीला आर्मी डेची परेड पाहिली, पुण्यात पहिल्यांदाच झाली, अजून अंगावर काटा आहे. ते चार पायांचे रोबोट पाय उचलत एका लयीत पुढे गेले, बघतच राहिलो. पण डोक्यात सारखं १५ जानेवारी १९४९ येत होतं, त्या दिवशी करिअप्पांनी इंग्रज सेनापती जनरल बुचरकडून लष्कराची सूत्रं घेतली, म्हणूनच तर हा आर्मी डे, तोवर आपल्या लष्कराचा प्रमुख इंग्रजच असायचा! आणि सैन्य तरी कसं मिळालेलं, फाळणीत माणसं, शस्त्रं, पलटणी सगळंच वाटलं गेलेलं, एकत्र लढलेले जवान दोन देशांत गेले. त्यात लगेच काश्मीरची लढाई, २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटची पहिली बटालियन विमानाने श्रीनगरला उतरली. त्या जवानांबद्दल आपण फारच कमी बोलतो राव.