आमची वाटचाल : गिरगावातली पेपरची लाइन

आजोबा राजापूरहून आले ते गिरणीत लागायला. तिथे जमलं नाही. चाळीतल्या एका पेपरवाल्याने १९६१ साली आपली सायकल आणि सदतीस घरांची लाइन त्यांना दिली, पैसे हप्त्याने. त्यांत बारा घरं 'मुंबई समाचार'ची. आजोबांना गुजराती वाचता येत नव्हतं, नावाच्या अक्षरांच्या वळणावरून ते अंक ओळखायचे.

आपण काय टाकतोय हे आम्हाला फार उशिरा कळलं. फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये मुंबईत छापखाना घातला आणि १ जुलै १८२२ ला समाचार काढला, साप्ताहिक म्हणून. रोजचा व्हायला १८५५ उजाडलं. तेव्हाची मुंबई म्हणजे खरोखरचं बेट. १८२२ मध्ये कुलाब्याला पायी जायचं तर ओहोटी लागे, कॉजवे झाला १८३८ ला. तिथे कोण अंक पोचवत असेल, ह्याचं मला धंद्यातला माणूस म्हणून कुतूहल आहे. संपादकांची नावं छापून येतात, टाकणाऱ्याचं नाही!

पुढे बरेच छापखाने खाडीपलीकडे गेले आणि आमचं जगणं टेम्पोवर आलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गिरगावात त्या मानाने काहीच नाही, पण दुसऱ्या दिवशी आमचा टेम्पो आलाच नाही. गिऱ्हाइकं आम्हालाच ओरडली. रस्ते कोरडे, मग पेपर का नाही?

२०२० ने मात्र मोडलं. घरपोच वाटप बंद, पोरं गावाला, दोन महिन्यांची बिलं अडकलेली. कागदाला हात लावायलाही लोक घाबरत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या एक पारशी आजी तेवढ्या दोरीची टोपली खाली सोडून विचारायच्या, "समाचार आव्यो?" मी रिकामी टोपली हलवून नाही म्हणायचो.

पूर्वी लाइन दुकानाच्या गाळ्यासारखी विकली जायची, आता घेणारा मिळत नाही. गेल्या वर्षी शेजारची एक निघाली, जवळजवळ फुकटात. बायको नको म्हणत होती. मी घेतली. पहाटे चारला पुरवण्या घालायला आता धाकटा येतो. गुजराती त्यालाही वाचता येत नाही.