मातीच्या पिशवीवरचा इशारा आणि फेरेटचं उकरणं

मेलबर्नमध्ये कुंडीसाठी मातीची पिशवी घेतली की तिच्यावर ठळक इशारा असतो: धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क-हातमोजे घाला, माती ओलसर ठेवा, नंतर हात धुवा. कारण लिजनेला लाँगबीची. हा जिवाणू कंपोस्ट घातलेल्या मातीत वाढतो, धुळीतून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. 1988-89 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात त्याची साथ आली, तेव्हा माग कुंडीच्या मातीपर्यंतच लागला होता. इशारा माणसांसाठी आहे, पण आपण हात घालायला कचरतो त्या मातीत फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) नाक खुपसतो. पिशवीवरच्या या चार ओळींचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे मुंबईत गोणीवर काहीच नसतं. माळ्याला विचारलं तर तो शेणखतापासून निंबोळी पेंडीपर्यंत सगळं नेमकं सांगतो, आणि इथल्या, मेलबर्नच्या दुकानात तसं सांगणारं कोणी भेटत नाही हेही खरंच. पण विचारायला हवं.

आता मुंबईतल्या फेरेटवाल्यांसाठी. उकरणं ही त्याची उपजत ओढ, ती मोडू नका. माती मात्र निवडा. सोसायटीच्या बागेतली नकोच. तिथे उंदरांचं विष टाकलेलं असतं. ते पोटात गेल्यावर रक्त गोठेनासं होतं, पण हिरड्या पांढुरक्या पडायला काही दिवस जातात, तोवर उशीर होतो. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो येतो, गोगलगायींच्या औषधाच्या गोळ्या पडलेल्या असतात. भटक्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर हा विषाणूचा आजार आला तर फेरेट जवळपास वाचतच नाही. त्याची लस डॉक्टरांनाच विचारून द्या. कुत्र्यांची जिवंत विषाणूची लस फेरेटला उलट आजारी पाडू शकते.

बाल्कनीतली माती सुरक्षित वाटते, पण कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही आजार पसरवणारी बुरशी असू शकते. कबुतरखान्यांवरून 2025 मध्ये एवढा वाद झाला, पण आपल्याच ग्रिलखालची कुंडी कोणी तपासली नाही.

घरातच खोका करा. 60 बाय 40 सेंटिमीटरचा, झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि बाजूला 10-12 सेंटिमीटरचं भोक पाडून कडा घासून गुळगुळीत करा. आत 15 सेंटिमीटर साधी, चाळलेली माती. खत, हाडांचा चुरा, पर्लाइट (मातीत मिसळतात ते पांढरे हलके दाणे) काही नको. हाडांच्या चुऱ्याच्या वासाने तो माती खातो. कोरडं कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, ते पाणी शोषून पोटात फुगतं. माती मुठीत वळेल पण हाताला चिखल लागणार नाही, एवढीच ओली ठेवा. फेरेट कोपऱ्यात शी करतो, ती लगेच काढा, नाहीतर कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींचं चक्र सुरू होऊ शकतं. वीस मिनिटं पुरेत. तापमान 27 अंशांच्या वर असेल तर एसीच्या खोलीतच, कारण त्याला घाम जवळपास येत नाही. नंतर कोमट पाण्याने फक्त पंजे धुवा आणि नखं, कान, नाक बघा. रोज आंघोळ घातली तर कातडी कोरडी पडते आणि वास उलट वाढतो.

माती सोसत नसेल तर गिळता न येणारे मोठे गुळगुळीत गोटे भरा, तेही तो आनंदाने उकरतो.

खाणं सोडलं, तोंडाला पंजे मारायला लागला, शी बारीक झाली किंवा थांबली, तर आतडं तुंबलं असं धरा. त्याचं अन्न तीन-चार तासांत पुढे सरकतं, त्यामुळे सकाळपर्यंत थांबू नका. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर फेरेट बघत नाहीत. बघणाऱ्याचा नंबर खोका भरण्याआधीच मिळवून ठेवा.