उजवा हात

'शाळेने मला काय दिलं' यावर स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला. माझ्यापाशी सांगण्यासारखी आठवण एकच, 1987 च्या 15 ऑगस्टची. तीही दादाची.

दादा दीड वर्षाचा असताना तापाने फणफणला. ताप उतरला तेव्हा उजवा पाय लुळा पडला होता. पोलिओचे थेंब वाळवा तालुक्यातल्या आमच्या वस्तीपर्यंत तेव्हा पोचलेच नव्हते. मिरजेहून कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, करून आणला, पण पोर वाढतं तसा कॅलिपर वाढत नाही. सातवीत तो आखूड झाला आणि नव्याला पैसे नव्हते. मग दादा उजव्या हाताने गुडघा दाबून चालायला लागला. एक पाऊल, एक दाब. कापड मांडीवरच विरायचं, म्हणून त्याच्या प्रत्येक पँटीला तिथे आईने लावलेलं तळहाताएवढं ठिगळ. दप्तर माझ्याकडे. शाळेत मला नावापेक्षा 'लंगड्याची बहीण' म्हणूनच जास्त ओळखत.

आपल्या शाळेत दहावीला पहिल्या आलेल्या मुलाच्या हस्ते 15 ऑगस्टचं झेंडावंदन व्हायचं. त्या जूनमध्ये दादा 84 टक्के मिळवून पहिला आला. पेढे वाटताना घरात झेंड्याचं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पी.टी.च्या सरांनी त्याला बोलावून हळूच सांगितलं, "दोरी मी ओढतो, तू नुसता हात लाव." सरांना काळजीच होती. दादा म्हणाला, "नको सर, ओढतो मी."

26 जानेवारीला झेंड्याची घडी आधीच वर बांधलेली असायची. सुरगाठीला हिसका दिला की झालं. 15 ऑगस्टला मात्र झेंडा खालून वर न्यायचा, तोही झपझप. त्याला दोन्ही हात लागतात. आणि दादाचा एक हात गुडघ्याकडे कायमचा गहाण.

ऑगस्ट लागला तसा तो आडावर यायला लागला. पाणी आणणं माझं काम. "शेंदतो मी, घागर तेवढी तू ने," म्हणाला. पहिला आल्याच्या खुशीत आहे असं मला वाटलं, आणि फुकटचा आराम कोण सोडतो! सुरुवातीला तो कठड्याला कंबर टेकून शेंदायचा. मग वीतभर लांब उभा राहायला लागला. एकदा पडला, कोपर सोलून निघालं. तरी माझी ट्यूब पेटली नाही.

त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. माइकवरून दादाचं नाव वडिलांच्या नावासकट पुकारलं. सवयीने मीही रांगेतून निघाले, तर बाईंनी दंडाला धरून मागे ओढलं. सगळं मैदान तो गुडघा दाबत एकटा चालत गेला. खांबापाशी थांबून त्याने पाय मागे रेटून कडक केला, हात सोडला आणि दोरी धरली. आडावर शेंदायचा तशीच ओढली, हातावर हात टाकत. आत्ता कुठे मला कळलं!

झेंडा फडकला, पाकळ्या थेट सरांच्या टकलावर. पण खरं कठीण पुढेच होतं. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं, आणि उजवा हात सॅल्यूटमध्ये कपाळाशी. झेंड्याकडे माझं लक्षच नव्हतं, मी ठिगळाकडे बघत होते. मध्यावर पाय थरथरायला लागला. गायचंही माझं राहून गेलं. कुंपणाबाहेर आमचे वडील, अण्णा, चिखलाच्या कपड्यांतच सायकल धरून उभे होते, ताठ. शेवटचा जयजयकार झाला, दादाने हात खाली आणला आणि मगच गुडघ्यावर ठेवला.

टाळ्या किती वाजल्या ते आठवत नाही. शेजारच्या मुलीने "तुझा भाऊ ना गं तो?" असं विचारलेलं तेवढं आठवतं. मी इतक्या मोठ्याने "हो" म्हणाले, की बाईंनी डोळे वटारले.

2018 साली पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा दादाचा फोन आला. 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं होतं. इतक्या जवळचा माणूस, आणि आम्ही शाळेत असताना त्यांचं नावही कधी कानावर आलं नव्हतं. "37.33 सेकंद," दादा म्हणाला. "राष्ट्रगीत संपायच्या आत गडी पोहून मोकळा. मला नुसतं उभं राहताना घाम फुटला होता."

त्या 15 ऑगस्टला संध्याकाळी मी घागर ठेवून आडापाशी त्याची वाट बघत बसले होते. तो आलाच नाही. घरी गेले तर ओसरीवर पुस्तक वाचत लोळत पडलेला.

"पाणी?" मी विचारलं.

"झेंडा झाला की," तो म्हणाला. "आता तुझं तू शेंद."