राऊटरचा सोर्स कोड मागितला, तर म्हणाले ‘रिस्टार्ट करून बघा’

“सर, राऊटर बंद करून तीस सेकंदांनी चालू केलात का?” हे वाक्य मी चार वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं. राऊटर चालूच होता हो. मला त्याच्या आतला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, हवा होता.

दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या राऊटरला कंपनीने अपडेट देणं बंद केलं. म्हटलं, आपणच काहीतरी करू. टेलनेटने (कॉम्प्युटरवरून राऊटरला कमांड द्यायची जुनी सोय) आत शिरलो, तर पहिल्याच ओळीत ‘बिझीबॉक्स’ (छोट्या कमांडचा संच) आणि खाली लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा). दोन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतात. हे लायसन्स १९९१ सालचं. वापरा, बदला, विकून पैसे कमवा, कुणी अडवत नाही. पण सोर्सही द्या. वस्तूसोबत दिला नाही, तर मागेल त्याला देऊ असं लेखी द्या आणि ते निदान ३ वर्षं पाळा. पैसे घ्यायचे तर पाठवायच्या खर्चापुरतेच.

कंपनीने तसं लिहूनही दिलं होतं. खोक्यातल्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. खाली ईमेलचा पत्ता. मेल टाकला, मिनिटाभरात परत आला: असा पत्ताच नाही.

मग कस्टमर केअर. तिथे ‘सोर्स कोड’ हा तक्रारीचा प्रकारच नाही. म्हणून पोराने ‘नेट स्लो’ असं तिकीट काढलं. ४८ तासांनी ते ‘समस्या सुटली’ म्हणून आपोआप बंद. दुसरं काढलं, तेही बंद. तिसऱ्या वेळी सिरीयल नंबर, बिल आणि राऊटरच्या पाठीचा फोटो मागितला. सगळं दिलं. उत्तर आलं, वॉरंटी संपली आहे. वॉरंटीचा इथे काय संबंध? त्या पोरांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पण पाचव्या मेलला वरच्या साहेबांनी कळवलं की सोर्स कोड ही कंपनीची गोपनीय माहिती आहे, तेव्हा माझं डोकंच फिरलं. जगभरच्या लोकांनी उघड्यावर लिहिलेला कोड यांनी खोक्यात भरला आणि तो गोपनीय झाला! फुकट ते पौष्टिक, पण वाढून द्यायची वेळ आली की पातेल्यावर झाकण.

एक सांगायचं राहिलं: ‘कृपया मिळेल का’ असं लिहू नका. मी दीड महिना त्यातच घालवला. शेवटी लायसन्सचं तिसरं कलम जसंच्या तसं चिकटवलं. खाली चौथं: अटी मोडल्या की सॉफ्टवेअर इतरांना द्यायचा हक्कच संपतो. मेल विधी विभागाकडे पाठवा, असं वर लिहिलं. नवव्या दिवशी लिंक आली.

झिप उघडली, तर नुसतं कर्नल. कॉन्फिगची (सेटिंगची) फाईल नाही, बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवायच्या, स्क्रिप्ट नाहीत, बिझीबॉक्सचा पत्ता नाही. म्हणजे पिठाचं पोतं दिलं आणि चूल काढून घेतली. तिसऱ्या कलमात कंपाईल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही मोजल्या आहेत, हे पुन्हा कळवलं. १९ दिवसांनी एक अटॅचमेंट आली. सोबत ओळभर मजकूरही नव्हता, पण सगळं होतं. रात्री दोन वाजता बिल्ड झालं तेव्हा बायकोला उठवून दाखवलं. तिने कूस बदलली.

भांडून कोड मिळवणं नवं नाही. २००३ साली लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राऊटरवरून असाच ओरडा झाला, कोड बाहेर आला आणि त्याच पायावर ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं.

या रागाच्या भरात आमच्याच ऑफिसचं अ‍ॅप उघडून बघितलं. एमआयटी या दुसऱ्या, सैल लायसन्सच्या ढीगभर लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड. तिथे तर फक्त कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा असतो. आम्ही तेवढंही केलं नव्हतं. सोमवारी मॅनेजरला सांगितलं, तर म्हणाला, “कोण बघतंय?” अ‍ॅपच्या पुढच्या आवृत्तीत लायसन्सचं पान मी स्वतःच घातलं.

आणि हो, खोक्यातलं पत्रक रद्दीत टाकू नका. आधी शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवा.