तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनीचा दरवाजा का बदलला नाही?

आमची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, बाहेर काढली की कुणी ना कुणी विचारतंच, पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटवर, लग्नात पार्किंगमध्ये सुद्धा. अहो, एवढा वेळ आणि पैसा घालून तोच दरवाजा का ठोकून घेतलात, कुर्ल्याला भंगारात टॅक्सीचा मिळाला असता की! तर एकदाच सविस्तर लिहितो.

झालं असं की गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचा मागचा कोपरा ड्रायव्हरच्या दरवाजात घुसला. टेम्पोवाला थांबला, पैशांचं बोलणं तिथेच झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. दरवाजा मात्र मधोमध खोल गेला होता आणि बाजूने पुढून मागे जाणारी ती उठावाची रेघ तिथे मोडली होती. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली गाडी आहे ही, बघून पोटात गोळा आला.

आता भंगारातल्या दरवाजाचं. लोकांना वाटतं एवढ्या टॅक्सी होत्या, म्हणजे दरवाजे पडलेच असतील. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली, टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही बंद, आणि बाकीच्या बहुतेक त्याच्या कितीतरी आधीच तोडल्या गेल्या. जे दरवाजे उरलेत त्यांनी मुंबईचे किती पावसाळे खाल्लेत! वरून चकचकीत काळा रंग असतो, पण खालच्या कडेला बोट लावून बघा, पापुद्रे हातात येतात. आणि समजा चांगला मिळाला तरी या गाड्यांच्या फिटिंगमध्ये हाताचं काम बरंच, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा दरवाजा जसाच्या तसा बसेल याची खात्री नसते. वर गॅप जुळवावा तर खाली उघडा पडतो, मग बिजागरीत पट्ट्या घाला, लॉकची जागा सरकवा. आमच्या दरवाजाचा पत्रा खालपर्यंत निरोगी होता. निरोगी पत्रा टाकून देऊन सडका विकत घ्यायचा हे मला पटूच शकत नाही.

दुसरा सल्ला मिळाला तो लांबी भरून घ्या, संध्याकाळी गाडी घेऊन जा. याला मात्र माझा ठाम विरोध आहे. लांबी म्हणजे पुट्टी वाईट नाही, पण ती शेवटची दोनेक मिलिमीटरची उंचसखल झाकायला. खोल खड्ड्यात बोटभर थर दिला की उन्हात पत्रा तापतो, दरवाजा रोज आपटतो, थराला चीर जाते, त्यातून पाणी शिरतं आणि लांबी ते पाणी धरून ठेवते. खाली पत्रा गंजत जातो आणि वरून काही दिसत नाही, फुगा येईपर्यंत. त्यात काही ठिकाणी खड्डा ओढून काढायला पत्र्याला भोकं पाडतात, ती आतून तशीच उघडी राहतात. दरवाजाच्या आत पाणी जातंच हो, काचेच्या रबरातून उतरतं आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं, तशीच रचना आहे. मग त्या पाण्याला अशी आयती वाट कशाला द्यायची?

म्हणून जुन्या फियाटवर हात बसलेल्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी आधी हातोडी उचललीच नाही. दरवाजा बंद करून चारी बाजूंचा गॅप बघितला, उघडून खालून उचलून बिजागरी हलते का बघितलं, दरवाजा ज्यावर बसतो तो बॉडीचा खांब तपासला. हे महत्त्वाचं आहे, कारण या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच सगळा भार घेते, खांब दबला असता तर दरवाजा कितीही सरळ केला तरी बसला नसता. खांब ठीक निघाला. मग आतलं कव्हर, हँडल, काच सगळं उतरवलं.

नवखा माणूस सरळ मधला खोल भाग आतून ठोकायला जातो. तसं केलं की मधला पत्रा ताणला जातो आणि कडेचे उंचवटे तसेच अडकून राहतात. चाचांनी कडेपासून सुरुवात केली, जे शेवटी दबलं ते आधी सोडवायचं. आतून डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, टेकवून बाहेरच्या उंचवट्यावर हलक्या हाताने हातोडी, एकेक उंचवटा बसत गेला तसा मधला भाग आपणहून बराचसा वर आला. मोडलेली रेघ मात्र वेळ खाते, तिथला पत्रा घडी पडून कडक झालेला असतो. दर थोड्या वेळाने ते पातळ फडकं ठेवून त्यावरून तळहात फिरवायचे, कारण डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते.

शेवटी एक जागा राहिली, अंगठ्याने दाबलं की टक्क करून आत, सोडलं की बाहेर. म्हणजे तिथे पत्रा ताणून जास्त झाला होता, त्याला जायला जागा नव्हती. त्यांनी गॅसने नखाएवढा ठिपका लालबुंद केला, दोनचार हलके घाव घातले आणि ओलं फडकं टेकवलं, चर्र आवाज, वाफ. तापलेला ठिपका पसरायला बघतो पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, तो तिथेच जाड होतो आणि गार होताना आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. असे थोडे ठिपके दिल्यावर टक्क बंद झालं. दरवाजा पुन्हा ताठ झाला तेव्हा मला खरंच भरून आलं.

त्यानंतर उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर, मग पातळ लांबी, सरफेसर म्हणजे रंगाखालचा गुळगुळीत थर, आणि पाणी लावून पॉलिश पेपरने घासणं. रंग डब्यावरच्या नावाने नाही घेतला, मूळ रंग इतक्या वर्षांत उतरलाय, म्हणून पॉलिश केलेल्या मागच्या दरवाजाशी जुळवून घेतला आणि दोन्हीकडच्या पॅनलवर थोडा विरवत नेला. आतून तळाला गंजरोधक मेणाचा फवारा मारला, भोकं तारेने मोकळी केली.

तुमची गाडी अशी कुणी ठोकली तर डेंटरला आधी सांगून ठेवा की प्राइमर मारायच्या आधी मला उघडा पत्रा बघायचाय. आणि जुनी गाडी विकत घेताना पातळ कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक दरवाजावरून फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे खाली जाड लांबी आहे, त्या हिशेबाने भाव करा.