दादांची बाबीन आणि माझा दुसरा हंगाम

रॉड आणि रीळ माळ्यावर टाकून हा हंगाम दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पद्धतीने, नुसत्या तंगुसावर (नायलॉनच्या दोरीवर) मासे गरवायचं ठरवलं होतं. दिवाळीपासून 14 खेपा झाल्या. हिशेब आधीच सांगून टाकतो: शेंगट्या 22, काळुंदर 3, गोबरा 1, तांबोशी शून्य. दोन तांबोश्या लागल्या आणि गेल्या, त्याबद्दल खाली.

जागा नेहमीचीच, देवगड तालुक्यात वाघोटण खाडीवरचा आमच्या वाडीचा मोडका धक्का.

दोरी गुंडाळलीय ती दादांच्या बाबिनीवर. दादा परळच्या एका कापड गिरणीत दोन साचे, म्हणजे माग, सांभाळायचे. तिथून आलेली ही सूत गुंडाळायची लाकडी बाबीन, हाताच्या घामाने काळी पडलेली. तिच्यावरचा जुना तंगूस उन्हाने कडक होऊन तुटायला लागला होता, म्हणून 0.60 मिलिमीटरचा नवा भरला. खाली शिसं, शिशापासून वीतभर वर गरी, म्हणजे गळ. बस, एवढंच सामान. मासा लागतो तो तर्जनीवर कळतो. पहिल्या चार खेपांत मला फक्त लाट कळली.

गाठींनी मात्र छळलं. चार गऱ्या गाठीपाशी तुटून गेल्या. मी दुकानदाराला दोष देत बसलो होतो. पाचवी बांधत होतो तेव्हा शेजारी बसलेली माझी अकरा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, थुंकी लावा ना. आजोबा लावायचे. म्हणायचे, सुकी गाठ करपता." खरंच आहे. तंगूस ओढताना घासून तापतो, तिथेच कमकुवत होतो. ओला करून आवळला की गाठ गुळगुळीत बसते. त्यानंतर गाठीपाशी एकही गरी गेली नाही. हे मला ठाऊक नव्हतं आणि तिला होतं, याचं थोडं वाईट वाटलं. दादांबरोबर शेवटची दोन वर्षं धक्क्यावर ती बसली, मी बसलो नाही.

शेंगटी सोडवायचंही तीच शिकवते. फडक्यात धरायची, पाठीवरचा आणि बाजूचे दोन्ही काटे बोटांच्या मध्ये येऊ द्यायचे नाहीत. मला एकदा लागलाच. सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून अर्धा तास बसलो, तेव्हा ठणका उतरला.

आता भरतीचं. फोनवर वेळा मिळतात, पण दादा तिथीची पाऊणपट करायचे. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट, साडेचारला पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हे गणित त्यांनी मुंबईत शिवडीच्या बंदरावर शिकलेलं. गावी आल्यावर समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "गाव: अर्धा तास आधी". मी सहा खेपांना ताडून पाहिलं, फार तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडला. अष्टमीच्या आसपास, भांगाला, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असते तेव्हा, हातदोरी बरी चालते. उधाणाला पाणी शिसंच ओढून नेतं.

समास म्हणजे कालनिर्णयचा. आई दुधाचा हिशेब जिथे लिहायची त्याच चौकोनांत दादा मासे लिहायचे. 'तां 1', 'शें 4'. ती जुनी कॅलेंडरं ट्रंकेत सापडली. गरवायला गेले नाहीत त्या दिवशी 'खा' लिहिलेलं. बरेच दिवस मला वाटत होतं 'खा' म्हणजे खाडी. आई हसली. खाडा! गिरणीत कामाला दांडी मारली की खाडा पडायचा, आणि दादांनी तो उलटा करून मासेमारीला लावला होता.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्या वर्षीच्या शिमग्याला दादा गावी आले ते परत गेले नाहीत. मी काकांकडे परळलाच राहिलो, शाळेसाठी. माझ्या डोक्यात दादा म्हणजे कायम धक्क्यावर बसलेला माणूस. गावातही सगळे तेच सांगतात, गरवण्याचं वेड. म्हणून 1987 चं कॅलेंडर मोजलं. वर्षभरात गेलेले दिवस 19. बाकी सगळे खाडे. त्या 19 मधले 11 मे महिन्यातले.

मे म्हणजे आंब्याच्या कामाचा घाणा. दुसऱ्यांच्या कलमांची राखण, उतरणं, रात्री पेट्या भरणं. तेव्हा माणसाला जेवायला वेळ नसतो. पण मे म्हणजे माझी सुट्टीही. मला आठवतंय, पहाटे चारला उठवायचे आणि सात वाजता बागेत असायचे. मी धक्क्यावर झोपा काढायचो.

असो. तांबोश्या. दोन्ही वेळा आमिषाची सुंगटं (कोळंबी) जिवंत होती, डोक्यातला काळा ठिपका टाळून शिंगाखालून गरी घातली होती, म्हणजे आमिष बरोबर. चूक माझीच. शेंगटीची सवय लागलेला हात, "खावंदे तेका" म्हणत थांबला. तांबोशी तेवढ्यात दगडाखाली शिरली आणि कालवांच्या धारेवर तंगूस कापला गेला. तांबोशीला थांबायचं नाही, पहिल्या हिसक्याला दोन हात दोरी आत घ्यायची. दुसऱ्या वेळी हे माहीत असूनही उशीर झाला. आता शेवटचा हातभर तुकडा जाड लावलाय, 0.80 चा.

पुढची खेप वद्य सप्तमीची. सातची पाऊणपट सव्वापाच, आपल्याकडे पावणेपाच. वार बुधवार, त्यात मार्चअखेर. रजेचा अर्ज टाकलाय, सुंगटं सांगून ठेवलीत.