आमची वाटचाल: दातांच्या ब्रशपासून कळकाच्या मोळीपर्यंत

पिकांच्या परागीभवनासाठी माश्यांच्या पेट्या आणि भुंग्यांची घरं पुरवण्याच्या आमच्या धंद्याची सुरुवात बॅटरीवरच्या दातांच्या ब्रशने झाली असं सांगितलं की लोक हसतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या एका ओळखीच्याने पॉलीहाऊस घातलं होतं. टोमॅटोची झाडं छातीला लागली, फुलं भरपूर, फळ मात्र मोजकं. आत ना वारा, ना माशी. टोमॅटो आणि वांग्याचे परागकण उघड्यावर नसतात. मिठाच्या डबीसारखी भोकं असलेल्या परागकोशात ते बंद असतात, आणि डबी हलवल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. म्हणून बायको आणि मी रोज सकाळी ब्रश चालू करून घोसांच्या देठांना टेकवत फिरायचो. २५० झाडं. खांदे भरून यायचे, पण फळ धरलं.

मग त्या गृहस्थांनी कुठेतरी वाचलं की या कामाला बंबलबी मिळते. युरोपात १९८० च्या दशकाच्या शेवटापासून टोमॅटोच्या काचघरांसाठी ती खोक्यात घालून विकली जाते. "तुम्हीच आणून द्या," म्हणाले. आम्हीही हुरळलो. पण ती अंगभर लव असलेली थंड मुलखातली माशी. गारठ्यात स्नायू थरथरवून अंग तापवते. आपल्या देशात ती हिमालयाच्या बाजूला सापडते. आमच्या एप्रिलातल्या घामट उकाड्यात, त्यातही प्लॅस्टिकखाली, तिचं काय होणार? शिवाय पाळीव माश्यांबरोबर रोगही प्रवास करतात. चिलीने १९९० च्या दशकात युरोपातली बंबलबी आणली. ती अँडीज ओलांडून अर्जेंटिनात पसरली आणि तिथली मूळची मोठी नारिंगी बंबलबी बऱ्याच भागांतून दिसेनाशी झाली. हे वाचल्यावर विषय संपला.

गंमत अशी, की त्याच पॉलीहाऊसच्या जाळीबाहेर चार वांगी लावली होती आणि त्यांवर आपला काळा, लाकूड कोरणारा भुंगा रोज येत होता. एकदा उकिडवा बसून नीट पाहिलं. तो फुलाला खालून लटकतो, परागकोशांना मिठी मारतो, पंख आवरतो आणि छातीचे स्नायू कापवतो. उडतानाची जाड घरघर एकदम बारीक, चढ्या सुरात जाते. फुलाखाली मोबाईलचं काळं कव्हर धरलं होतं, त्यावर पिवळी धूळ पडली. आमच्या ब्रशचं काम हा फुकट करत होता! मधमाशीला हे कापवणं जमत नाही, पेटीत पाळतात त्या आपल्या सातेरी मधमाशीलाही नाही.

पण भुंग्याची पेटी करता येत नाही. तो वसाहत करून राहत नाही. मादी एकटीच लाकडात किंवा कळकात, म्हणजे पोकळ बांबूत, घर करते, एकेका खोलीत परागाचा लाडू ठेवून अंडं घालते आणि भुशाची भिंत घालून पुढची खोली घेते. पिल्लं मोजकीच. तेव्हा विकायचं तर घर विकायचं, असं ठरलं. पहिल्या मोळ्या आम्ही माणगा जातीच्या बांबूच्या केल्या, कारण तो दाराशी होता. एकही भुंगा फिरकला नाही. माणगा आतून जवळजवळ भरीव, एवढं साधं कुणाच्या लक्षात आलं नाही! मग कळकाचे तुकडे घेतले, एका टोकाला पेर ठेवून. सोबत वाळलेल्या पांगाऱ्याचे ओंडके, रंग-वॉर्निश न लावता, पावसापासून आडोशाला. आता वांगी आणि पॅशनफ्रूटवाल्यांकडून याच मोळ्यांची मागणी येते. पॅशनफ्रूटच्या फुलात मधमाशी आतल्या आत फिरते आणि वरच्या भागांना नीट शिवतच नाही. भुंग्याची पाठ बरोबर घासते.

पोट मात्र सातेरीच्या पेट्यांवर भरतं. आमच्याकडे वारुळाच्या रूपात पुजतात त्या सातेरी देवीचं आणि माशीचं नाव एकच, आणि दोघींची गाठ वारुळात पडते, म्हणून आजी पेटी उघडण्याआधी हात जोडायची. काजूच्या मोहरात या पेट्या बागायतीत जातात. काजूच्या तुऱ्यात नर फुलंच जास्त, फळ धरणारी थोडी, आणि पराग चिकट. वाऱ्याच्या भरवशावर बोंडू येत नाही.

तिसऱ्या हंगामात एका बागेत आमच्या अकरा पेट्या होत्या. ढेकण्या, म्हणजे काजूचा रस शोषणारा किडा, दिसला म्हणून मालकाने सकाळी नऊला, माश्या ऐन कामावर असताना, फवारणी केली. दुपारी पोचलो तर पेट्यांच्या दारांपुढे माश्यांचा सडा, सोंडा बाहेर आलेल्या. सात पेट्या गेल्या. मालक म्हणाले, "अहो, औषध तर ढेकण्याचं होतं." भांडलो नाही. आमचीही चूक होतीच, आधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर नियम केला. पेट्यांची नोंदणी गणेशचतुर्थीनंतर सुरू होते, आणि फवारणीचे दिवस व औषधाचं नाव आधी लिहून घेतो. फवारायचंच असेल तर तिन्हीसांजेला, माश्या परतल्यावर. आदल्या संध्याकाळी कळवलं तर आम्ही स्वतः येऊन दारं बंद करतो आणि पेट्या हलवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. लिहून न देणाऱ्याकडे पेटी जात नाही. यावरून दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. त्यातलं एक गेल्या वर्षी परत आलं, कागद घरूनच भरून.